येसर कशावर भाजायचं

आमच्या घरात इंडक्शनची शेगडी आली ती एका तक्त्यासोबत. नवरा मुरूम गावातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आधी फळ्यावर आणि मग घरात येते. आखीव कागदावर डावीकडे गॅस, उजवीकडे इंडक्शन, मधे लाल शाईची रेघ. उष्णता कुठे वाया जाते, दूध किती मिनिटांत तापतं, भांडी कशाने काळी होतात, सगळं त्यात होतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी ज्या माणसाने स्वतःचा चहा कधी गाळून घेतला नाही, त्याला दूध तापायला वेळ लागतो हे कागदावरून का होईना कळलं, याचाच मला आनंद झाला.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी तक्ता पूर्ण ऐकून घेतला. मुलगा शिकवत असला की त्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या बसतात. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"ह्याच्यावर भाकरी फुगंल का?"

तक्त्यात ती ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी भांड्यांची परीक्षा झाली. लोहचुंबक ज्याला चिकटेल तेच भांडं इंडक्शनवर चालतं, म्हणून नवरा शाळेतला चुंबक घेऊन मांडणीसमोर उभा राहिला. पितळी पातेलं नापास. अल्युमिनियमची सगळी भांडी नापास. आत्यांचा भाकरीचा तवा लोखंडी, त्याला चुंबक घट्ट चिकटला, पण तो बुडाशी खोलगट, शेगडीवर ठेवला की भोवऱ्यासारखा गिरकी घ्यायचा. त्यालाही घरी बसवलं. एकूण दोन पातेली आणि माझ्या माहेरची एक कढई पास झाली. मी म्हटलं, "बरं झालं, माणसांना चुंबक लावला नाहीत." नवऱ्याने माझ्याकडे गुरुजींच्या नजरेनं पाहिलं.

मग सपाट बुडाचा तवा आला. आत्यांनी नव्या शेगडीला रीतीप्रमाणे हळदकुंकू लावलं, ते काचेवर कुठे लावायचं हे न कळून बटणांवर लावलं. नवऱ्याने ते ओल्या फडक्याने पुसलं, मग ओलं फडकं चालत नाही हे आठवून कोरड्याने पुसलं. पहिली भाकरी झाल्यावर आत्यांनी तिचा कोपरा मोडला. पहिला घास अग्नीला द्यायचा, हा त्यांचा जन्माचा नेम. चुलीवर दिला, गॅसवर दिला, आणि त्या घासांनी बुजलेली बर्नरची भोकं मी दर रविवारी टाचणीने उकरली. त्यांनी तवा उतरवून घास काचेवर ठेवला आणि हात जोडले. शेगडी टूं टूं करत ओरडली, दोन आकडे दाखवले आणि बंद पडली.

"ह्याला भूकच न्हाय रं," आत्या म्हणाल्या.

भाकरीचं म्हणाल, तर ती झाली. गॅसवर तवा बाजूला सारून भाकरी थेट जाळावर धरली की टम्म फुगते. इथे जाळच नाही. नवऱ्याने सांगितलं, तव्यावरच कापडाने दाबायची. दाबली. जी आली ती शाळेच्या पुठ्ठ्याच्या वहीसारखी होती. नवऱ्याने ती दोन वेळा चावून "पौष्टिक आहे" असं जाहीर केलं. आमटी ठेवली की लाइट जायची, आणि लाइट आली की आमटी ठेवायची आठवण राहायची नाही. आठ दिवसांत शेगडीवर दूध आणि माझा चहा एवढंच उरलं. मी त्या तक्त्याच्या मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब लिहायला लागले, मुद्दाम, नवऱ्याला दिसेल असा.

या सगळ्यात मी आत्यांच्या बाजूने होते. खरं सांगायचं तर मी नवऱ्याच्या विरुद्ध होते, आणि आत्या त्या बाजूला आधीच बसलेल्या होत्या.

आत्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी लागते. गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि खडा मसाला वेगवेगळा भाजून दळायचा, ते येसर. दळणं गिरणीचं काम, खरी कसोटी भाजण्यात. जरा कच्चं राहिलं तर आमटीला पिठाची चव, जरा पुढे गेलं तर पंगतभर कडू तोंडं. आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की धान्य आत्यांपुढे येऊन पडायचं. देवाला पत्रिका आणि आत्यांना डाळ, असा क्रम होता. त्या भाजताना मला हाक मारायच्या. "आगं, वास कसा आलाय बघ." मी लांबूनच म्हणायची, "लई भारी, आत्या." मला वाटायचं, कौतुक ऐकायची हौस. गेल्या वर्षी एकदा मी फोनवर बोलता बोलता "भारीच" म्हणाले, आणि ती डाळ करपली. ज्यांचं लग्न होतं त्या घरच्या बाईने ती परत नेताना तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त पाटी झाकून नेली. आत्यांनी दोन दिवस कढईला हात लावला नाही. "वय झालं," असं मीच नवऱ्याला हसून सांगितलं.

तर ती दुपार. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्या दिवशी लवकर सुटले. दारातच गॅसचा वास आला, असा की डोळे चुरचुरले. स्वयंपाकघरात आत्या पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या. मागे गॅसवर आमटी मंद ठेवलेली, खिडकी उघडी, वाऱ्याने जाळ कधीच विझलेला आणि बटण तसंच चालू. आमटीला उकळी का नाही म्हणून त्या उठल्या आणि त्यांनी लायटर हातात घेतला.

"हात लावू नका!"

एकवीस वर्षांत मी त्यांच्यावर एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. लायटर त्यांच्या हातातून काढून घेतला, बटण बंद केलं, सिलिंडर बंद केलं, मागचं दार उघडलं, त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं. त्या माझ्याकडे चोरी पकडल्यासारख्या बघत होत्या.

"आत्या, वास नाही आला?"

"आला की."

"कधी?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "दोन वर्सांमागं त्यो मोठा ताप आला व्हता न्हवं, तवापासनं काईच येत न्हाय. उदबत्तीचा न्हाय, फोडणीचा न्हाय. म्या रंगावर आन् तडतडण्यावर चालवते. वासाचं तुला इचारते."

तेव्हा मला कळलं की त्या माझ्याकडे कौतुक नव्हत्या मागत. त्या माझं नाक मागत होत्या, आणि मी ते फोनवर बोलता बोलता दिलं होतं. मला माझी लाज वाटली. ती अजूनही वाटते.

"त्येला सांगू नगंस," आत्या म्हणाल्या. "त्याला कळलं तर त्यो मला सैपाकघरातनं उठवंल. काळजीनंच उठवंल, पर उठवंल. मग म्या दिवसभर करू काय? टीव्हीम्होरं बसून मान हलवू?"

नवऱ्याला मी ओळखते. त्याने नवा तक्ता केला असता, डावीकडे धोका, उजवीकडे उपाय, आणि उपायात पहिलंच आलं असतं की आईने स्वयंपाकघरात जायचं नाही. मी आत्यांना शब्द दिला.

आणि मग मला आयुष्यातलं सगळ्यात कडू काम करावं लागलं. मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. इंडक्शनच चांगलं."

त्याने हातातला खडू, म्हणजे चमचा, खाली ठेवला. "कुठल्या मुद्द्यावर पटलं?"

"सगळ्याच."

त्या दिवसापासून नियम असा झाला की मी घरात नसताना सिलिंडर बंद, आत्यांनी जे करायचं ते इंडक्शनवर. आत्याही शिकल्या. विसरलं तर विझायला त्याला जाळच नाही, भांडं उचललं की शेगडी आपोआप गप्प, ही गोष्ट मला आधी फालतू वाटली होती, आता रात्रंदिवस बरी वाटायला लागली. भाकरी सकाळी, मी ओट्याशी उभी असताना, गॅसवर. नवऱ्याला वाटलं, ही हळूहळू होणारी क्रांती आहे. त्याने शाळेत सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं, उमरग्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं की घरच्या बायकांना शास्त्र नीट समजावलं तर त्या ऐकतात. मी शेजारीच बसले होते. खिडकीबाहेर ऊस बघत होते. असा पराभव कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दोन महिन्यांनी गल्लीतल्याच एका घरी लग्न निघालं. त्या घरच्या बाई डाळ, गहू, धने घेऊन आल्या. गेल्या वर्षीची करपलेली डाळ सगळ्या गल्लीला माहीत होती, तरी आल्या, याचं आत्यांना किती वाटलं ते त्यांच्या हातांवरून दिसत होतं. पाटी घेताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

नवरा तेव्हा घरातच होता, हे दुर्दैव. तो उत्साहाने बाहेर आला. "आई, या वेळी येसर इंडक्शनवर. तापमान ठरवायचं, वेळ लावायची, करपायचा प्रश्नच नाही. आणि आता तो गॅस माळ्यावर टाकू या. घरात सगळ्यांना पटलंच आहे."

"येसर गॅसवरच व्हतंय," आत्या म्हणाल्या.

"का पण? कारण सांग."

"न्हाय जमायचं त्याच्यावर. मधी करपतंय, कडंला कच्चं."

"मग हलवत राहा. गेल्या वेळी गॅसवरच करपलं होतं ना?"

पाटी आणलेल्या बाई जमिनीकडे बघायला लागल्या. मी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, पण शिकवत असताना त्याला वर्गातलं कुणी दिसत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याच त्या बाईंना शांतपणे म्हणाल्या, "तुमी जावा. परवा घेऊन जावा भाजून." बाई गेल्या. आत्यांनी दार लोटलं आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "मला वास येत न्हाय. दोन वर्सं झाली. त्या दिवशी गॅस सुटला व्हता, म्या लायटर दाबणारच व्हते, हिनं वाचवलं. म्हनून ही तुझ्या शेगडीचं गुण गाती. आता गॅस माळ्यावर टाक, न्हायतर मला टाक."

नवरा खाली बसला. खुर्चीवर नाही, तिथेच जमिनीवर. मी त्याला एकवीस वर्षांत पहिल्यांदा मुद्दा नसलेला पाहिला. मग तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू लगीच उपाय काडतोस," आत्या म्हणाल्या.

त्याने यावर उपाय काढला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी आत्यांनी मोठी कढई गॅसवर ठेवली, मी जाळ लावला, तर हा अंघोळीच्या आधीच स्वयंपाकघरात येऊन उभा. "मी सांगतो वास," म्हणाला.

"तुला कळंल का?"

"कसा यायला पाहिजे ते सांग."

जन्मभर येसराची आमटी ओरपलेल्या माणसाला हे विचारावं लागलं, यावर मी एरवी आठवडाभर जगले असते. पण आत्यांनी उलथनं हलवता हलवता डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. आधी कच्च्या डाळीचा येतो, उग्र, त्याकडे बघायचं नाही. मग गरम झालेल्या गोणीसारखा. मग तो जातो, थोडा वेळ काहीच येत नाही, तिथे घाबरायचं नाही. आणि मग एकदम असा येतो की पोटात भूक उठते. तोच धरायचा. दोन वर्षं न आलेला वास त्या अगदी ओळीने सांगत होत्या, आणि मला समोर धुरकट दिसायला लागलं, त्याला कढईतला धूर कारण नव्हता.

नवरा कढईवर वाकला. चष्म्यावर वाफ, कपाळावर घाम. शाळेतल्या कुठल्याही प्रयोगाला त्याने इतकं मन लावलं नसेल. मलाही वास येत होता, आणि माझ्या मते डाळ अजून कच्ची होती.

"आता!" तो म्हणाला.

आत्यांनी मागचापुढचा विचार न करता जाळ बंद केला. कढई उतरवली. एक डाळ उचलली, फुंकली, दाताखाली फोडली. मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बराबर सांगितलंस."

त्याचा चेहरा असा फुलला की मी पाहतच राहिले. तो टॉवेल खांद्यावर टाकून, पहिल्यांदाच काहीही न समजावता, अंघोळीला गेला. न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज झाला. आत्यांनी कढई उचलून परत शेगडीवर ठेवली आणि मला जवळ बोलावलं.

"लाव परत. पोरगं खुश हाय, पर लगीन लोकाच्या घरचं हाय."

मी गॅस पेटवला आणि कढईला नाक लावून उभी राहिले.