भावजयीचं हमीपत्र

धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याच्या पोलिश बायकोला धीर द्यायला अख्खं मेहरूण गाव आमच्या घरी लोटलं. त्याआधी मी पाचोऱ्याचं सासर कायमचं सोडून बॅग घेऊन याच घरी आले, तेव्हा शेजारीणसुद्धा फिरकली नव्हती. माझा नवरा जिवंत होता ना, म्हणून. मी भावजयीवर जळायचे, हे लपवून काय उपयोग? ती आईशी चक्क अहिराणीत गप्पा मारायची, आणि आई तिच्याशी एका दुपारी जेवढं बोलायची तेवढं माझ्याशी वर्षभरात बोलली नसेल.

तिचा व्हिसा भावाची बायको म्हणून होता. भावाचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याची मुदत संपत आली. धुळ्याच्या वकिलांनी तिला वाटा समजावल्या. भारतीय माणसाची विधवा म्हणून मुदतवाढ मागायची. सोबत मृत्यूचा दाखला आणि सासरच्या कुणाचं तरी हमीपत्र जोडायचं. नागरिकत्वाचा अर्जही करता येतो, पण त्याला लागणारी वर्षं अजून भरली नव्हती. नाहीतर परत जायचं. तिकडे तिचं कुणीच उरलं नव्हतं.

आई अंगठा लावायला तयार होती. वकील म्हणाले, शिकलेल्या माणसाची सही बरी. म्हणजे माझी. "करते की," मी म्हणाले आणि तो कागद कपाटात साड्यांखाली सारला. भावजयीनं विचारलं की सांगायचे, उद्या. परत जायची वाट मला मनापासून पटली होती.

श्रावणात भाऊबंदांची कुळदेवी कानबाई आमच्या घरी बसली. तिच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनीच खायचे असतात, लग्न करून दिलेल्या लेकीला चालत नाहीत. मी सासर सोडलं असलं तरी कानबाईच्या लेखी अजून पाचोऱ्याचीच. विसर्जनानंतर पाव्हणे पांगले, भावजय आईच्या मांडीला मांडी लावून रोट खात होती आणि मी चहात टोस्ट बुडवत होते. तेवढ्यात व्हिसाच्या चौकशीसाठी हवालदार आला.

त्यानं हमीपत्र मागितलं. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं.

"झालेलं नाही," मी म्हणाले. "आणि खरं सांगू का, ती इथे टिकेल याची हमी मी कशी देणार?"

तिचा हात ताटातच थांबला. हवालदार इकडचाच होता. त्यानं ताटाकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "अक्का, ह्या रोट खातस का?"

"मंग? घरनी शे ती."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझ्या बशीकडे पाहिलं. "अन् ह्या ताई?"

"ती दिधेल पोर शे," आई सहज म्हणाली. "पाव्हनी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी तरातरा उठले, साड्यांखालून हमीपत्र काढलं आणि एका दमात भरत सुटले. हमी देणाऱ्याचा पत्ता, या रकान्यावर पेन अडलं. माझ्या आधारवर पाचोराच होता, आणि हे घर आईनं आत्ताच माझं नाही म्हणून सांगितलं होतं.

भावजय हात धुऊन माझ्याशेजारी येऊन बसली. रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "आठलाच पत्ता लिखा ना, ताई. तुम्ही आठेच ऱ्हातस."

तिचा मला इतका राग कधीच आला नव्हता. मी इथलाच, याच घराचा पत्ता लिहिला आणि सही केली.