मुशीतून वाचलेला थालर

इरा, नील, परवा तुम्ही म्युझियममधल्या जुन्या जर्मन नाण्याचा फोटो पाठवून विचारलंत, "आजी, असलं कधी हातात घेतलंयस?" घेतलंय, आणि इथेच, सोलापुरात. म्हणून आज लिहायला बसले.

मी म्युझियममधून रिटायर झाले तरी सराफ जुनी नाणी ओळखायला मला बोलावतात. त्या दिवशी फोन आला, "मॅडम, मूस तापलीय, पण हा टाक वेगळाच दिसतोय. लगेच या." टाक म्हणजे देवघरातली देवाची चांदीची प्रतिमा, मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं.

दुकानात टॉवेलच्या कारखान्याचे मालक असलेले दोघे भाऊ आणि त्यांच्या आई बसल्या होत्या. भाऊ वेगळे होत होते. खंडोबाचा जुना टाक आटवून ती चांदी दोन नव्या टाकांत घालायची, म्हणजे देव दोन्ही घरी जातो, अशी त्यांची रीत.

मी भिंग लावलं. बाहेरचं जाड कडं इथल्या सोनाराचं काम होतं. आत मात्र थालर! जर्मनीतल्या लहान लहान संस्थानांचं मोठं चांदीचं नाणं. हा त्यातल्याच मान्सफेल्ड संस्थानाचा. घोड्यावर सेंट जॉर्ज, खाली ड्रॅगन. नक्कल ओतीव असते, तिची अक्षरं बोथट येतात. याची मागची अक्षरं धारदार होती. अस्सल.

"आटवू नका," मी म्हणाले. "हा खंडोबा नाही, परदेशी संत आहे."

"घोडा हाय, स्वार हाय, पायाखाली राक्षस हाय," आई म्हणाल्या. "खंडोबा न्हाय तर काय कलेक्टर हाय?"

धाकटा हसला. थोरला हसला नाही. "मॅडम, कुणीबी असू दे की. एकाकडं ऱ्हायला तर दुसऱ्याच्या घरात देव न्हाय."

अडचण खरी होती. मी नाणं उलटं केलं. "ही मान्सफेल्डच्या घराण्यातल्या भावांची नावं. जमीन वाटून घेतली, पण नाणं सगळ्यांच्या नावानं एकच पाडायचे."

"आन् ठेवायचे कुणाकडं?" धाकट्यानं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही. आई, हे कडं कुणी बसवलं?"

"आजेसासऱ्यांनी."

"मग इतकी वर्षं पूजा त्याचीही झालीय. कडं कापा. निम्मं निम्मं दोन्ही टाकांत घाला."

आईंनी टाक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग सराफाला म्हणाल्या, "काप की बाबा. आन् हे आतलं नाणं माज्याकडं ऱ्हाईल. मी कुटं वेगळी निघालीय?"

माझ्या सांगण्यावरून सराफानं आच न लावता कानशीनं कडं सोडवलं. दोन टाक झाले, दोन घरी गेले. तात्पर्य एवढंच: जुनी चांदी आटवण्याआधी उलटून बघावी.

नाणं शाबूत आहे. घोड्याचं तोंड पूजेत झिजून गेलंय. मागची नावं सगळी वाचता येतात.