बायोडेटावरचा पीपी नंबर

हल्ली माझा बायोडेटा चार पानांचा आहे आणि त्याला बायोडेटा म्हणायचीही सोय राहिलेली नाही. ऑफिसातली पोरं हसतात. कुठल्या कंपनीत कुठल्या खुर्चीवर बसून मी काय उजेड पाडला, ते सगळं त्यात भारी शब्दांत लिहिलंय. माझा पहिला बायोडेटा मात्र एका पानाचा होता. सानपाड्यातल्या एका टायपिंगवाल्याकडून तो टाइप करून घेतला होता आणि मग त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. त्यातली सगळ्यात कामाची ओळ तळाशी होती. एक फोन नंबर आणि त्याच्यापुढे दोन अक्षरं, पीपी. म्हणजे फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, पण निरोप पोचेल.

शेजारी म्हणजे तळमजल्यावरची खाला. ती मूळची रायगडच्या किनाऱ्यावरची, नवरा बोटीवर नोकरीला. त्याचा फोन कधी कुठल्या बंदरातून येईल याचा नेम नसायचा, म्हणून तिच्याकडे फोन होता. त्याच्यावर तिने स्वतः विणलेलं झाकण असायचं आणि ते काढून ठेवायचा मान तिचाच. नव्वदीच्या मधल्या त्या वर्षांत आमच्या अख्ख्या बिल्डिंगचा नंबर तोच होता. फोन आला की खाला मोकळ्या जागेत येऊन वर तोंड करून हाक मारायची, "अगो ए, कंपनीचा फोन!" त्यामुळे मला कुठल्या कंपनीने बोलावलं आणि नंतर कोणी काहीच कळवलं नाही, हे चारही मजल्यांना पाठ असायचं. जिन्यात कोणी "काय झालं गं?" म्हटलं की माझं डोकं फिरायचं. माझा राग तेव्हा नाकावर असायचा. आता तिथे चष्मा आहे, म्हणून जरा दबलाय.

मी बी.कॉम. झाले होते, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. सकाळी झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत घालून तुर्भ्याच्या एमआयडीसीत जायचं आणि एकेका गेटवर थांबायचं, हा माझा उद्योग. वॉचमन हात बाहेर काढून बायोडेटा घ्यायचा, आत एका खोक्यात टाकायचा आणि म्हणायचा, "कळवतील." काही गेटांवर तर मी येताना दिसले की वॉचमन आधीच हात पुढे करायचा.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पहाटे जायचे, दुपारी घरी यायचे आणि त्यांच्यामागोमाग कांद्याचा वास घरात यायचा. बोलणं बेताचं. मी नोकरी शोधते म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "दिवाळीपत्तूर बग. न्हाय लागली तर मग मी बघतो ते बघायचं." ते बघायचे म्हणजे स्थळ. माझ्या बरोबरीच्या गावाकडच्या मुलींची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जायला लागली होती. अण्णांवर भावकीचा दाब होता, ते मला कळायचं. पण एकदा साताऱ्याकडे लग्न होऊन गेले की टायपिंग आणि कॉम्प्युटर चुलीत जाणार, हेही कळायचं.

त्यामुळे माझे बायोडेटा दोन होते. नोकरीच्या कागदात टायपिंगचा स्पीड, लग्नाच्या कागदात उंची, रंग आणि मामाचं गाव. रंगापुढे आईने 'निमगोरा' असं ठोकून दिलं होतं, ते मी खोडून 'सावळा' केलं, तर दोन दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती. दोन्ही कागदांच्या तळाला नंबर मात्र एकच. खालाला आधी विचारून घ्यावं लागायचं, "कोन बोलतंय? नोकरीवाले का पोराकडचे?"

पाहायला म्हणून पहिली माणसं आली ती घरीच, सानपाड्याला. मुलगा, त्याचा काका आणि आणखी दोघं. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले तेव्हा काका अण्णांना कांद्याचा भाव विचारत होता. मी बशा दिल्या, नमस्कार केला, बसले. भावाची चर्चा चालूच. मुलगा घड्याळात बघत होता. मला एक प्रश्न विचारला, नाव काय, तेही माझ्या कागदावर वाचून. जाताना काका म्हणाला, "कळवतो." गेटवरचे वॉचमनही तेच म्हणायचे, म्हणून मला एकदम हसू आलं आणि आईने चिमटा काढला. चार दिवसांनी खालाकडे फोन आला, मुलगी पसंत नाही. आई पदराने डोळे पुसत राहिली. अण्णा दारात बसले होते. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बगितली तरी कुठं त्यांनी?"

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. गावाहून कांद्याच्या गाडीबरोबर थोरल्या चुलत्यांचा निरोप आला. आमचे गावाकडचे निरोप असेच यायचे. लोणंदकडच्या गाड्या माल घेऊन मार्केटात यायच्या आणि रिकाम्या परत जायच्या, ड्रायव्हर सगळे ओळखीचे. निरोप असा होता की शनिवारी पाहुणे येतायत, घर चांगलं आहे, मुलीला घेऊन या. मी घरात भांडी आपटली, जेवले नाही, दिवाळीपर्यंतची मुदत वाढवून मागितली. अण्णा म्हणाले, "दिवाळी झाली, बाय." आवाज चढवला असता तर मी भांडले असते. ते इतकं हळू म्हणाले की मला भांडताच आलं नाही. बुधवारी आई मला घेऊन एस.टी.ने गावी गेली. अण्णा शुक्रवारी येणार होते.

गुरुवारी दिवेलागणीला चुलतीने मला परसात बसवून चेहऱ्याला बेसन आणि साय लावली होती. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. रिकाम्या कांद्याच्या गाडीच्या केबिनमधून अण्णा उतरले. मार्केटातून तसेच निघालेले, अंगावर कामाचे कपडे, केसांत कांद्याची सालं. माझा चेहरा पिवळाधमक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरासे हसले आणि म्हणाले, "धू ते. पिशवी भर. सकाळच्या यष्टीनं जायचंय. कंपनीचा फोन आलाय. शनिवारी अकरा वाजता बोलावलंय."

चुलते ओट्यावर बसले होते. ते उठलेच. "शनिवारी पाव्हणं येनार हायती. मी शब्द दिलाय."

"शबुद तू दिलास, आबा," अण्णा म्हणाले. थोरल्या भावापुढे उलट बोलताना मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा बघत होते. त्यांचा हात नुसताच सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत होता. "पोरगी माझी हाय."

"मग काय सांगू त्यास्नी?"

"पोरगी कामावर गेली म्हनून सांग."

"आरं, अजून लागली कुठं?"

"लागंल," अण्णा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

चुलते त्या रात्री आमच्या पंगतीला बसले नाहीत. मला वाटलं, आई रडेल. तिने ट्रंकेतून माझ्यासाठी काढलेली साडी पुन्हा घडी करून ठेवली. मग माझ्या कानांकडे बघून म्हणाली, "मोत्याचं कानातलं काढू नगंस. त्या सायबापुढं तेवढं तरी असू दे."

एस.टी.त मी खिडकीशी आणि अण्णा माझ्या शेजारी; आई गावीच मागे राहिली होती. नोकरी नाही लागली तर? चुलत्यांचा शब्द मोडला तो मोडलाच, आणि पुढच्या स्थळाला अण्णा कोणत्या तोंडाने जाणार? हे सगळं माझ्या एका टायपिंगच्या जिवावर. मी त्यांना विचारलं, "फोनवर कोण बोललं?"

"भाभी बोलल्या. समदं त्यांनीच बोलून ठिवलं." खालाला ते भाभी म्हणायचे. एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले. झोप लागली नव्हती, बोलायचं नव्हतं.

घरी पोचलो तर खाला दारातच उभी. तिने मला आत बसवून सगळं सांगितलं, हातवारे करत. "तो बोलला, उद्या पाठवा. मी बोलले, उद्या कशी पाठवू, ती गावाला हाय. मग मी पन इचारलं, सोडत नाय आपून. ऑफिसात बायका किती? सुटते कितीला? उशीर झाला तर पोरीला घरी कोन सोडतो? पोरगी आमची गुनाची हाय, चहा बेस करते, फक्त जरा तापट हाय."

"खाला! तापट सांगितलंस?"

"मग? लपवून कशाला? मागनं कळलं तर आपल्यालाच बोल लावतील."

मी डोक्याला हात लावला. सगळ्या स्थळांना ती असंच बोलायची. घरच्या मुलीसाठी बोलायची हीच एक रीत तिला माहीत होती. तेव्हा मला तिचा इतका राग आला की मी आभारसुद्धा मानले नाहीत. "पण उद्याचं बोलावणं शनिवारवर कसं गेलं?" मी विचारलं. खालाने अण्णांकडे बघितलं, अण्णांनी जमिनीकडे. "चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

शनिवारी अण्णा मार्केटात गेले नाहीत. मला गेटपर्यंत सोडतो म्हणाले. गेटवरचा वॉचमन निघाला आमच्याच साताऱ्याकडचा, कोरेगावचा. मी आत जाईपर्यंत दोघांचं पीकपाणी सुरू झालं होतं.

आतले साहेब पन्नाशीचे, चेहऱ्यावर काही दिसू न देणारे. माझा कागद त्यांच्यासमोर होता आणि त्यांचं बोट नेमकं तळाच्या ओळीवर. "हा पीपी नंबर कोणाचा?"

"शेजारच्या खालाचा," मी म्हणाले.

"त्यांनी आमचाच इंटरव्ह्यू घेतला. इथे बायका किती, सुटी किती वाजता. मी दहा वर्षं माणसं घेतोय, मला असं कोणी विचारलं नव्हतं." ते हसतायत की चिडलेत ते कळेना. "मी त्यांना सांगून टाकलं, मुलगी गावाला असेल तर राहू द्या, आमच्याकडे दुसरे उमेदवार आहेत. आणि फोन ठेवला."

म्हणजे संपलंच होतं.

"तासाभराने पुन्हा फोन, आमचा नंबर त्या बाईंनी आधीच विचारून घेतला होता. या वेळी पुरुषमाणूस. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मी ठेवणार होतो. मग म्हणाले, मी मुलीचा बाप बोलतो. तिला घ्या असं मी म्हणत नाही. फक्त तिला बघितल्याशिवाय नाही म्हणू नका. मी स्वतः गावाला जाऊन तिला घेऊन येतो." साहेबांनी कागद उलटा ठेवला. "मी म्हटलं, शनिवारी अकरापर्यंत आणा."

अण्णा फोनवर कधीच बोलत नसत. चुकून कोणाचा फोन आला तरी ते आईला पुढे करायचे, म्हणायचे, मला त्यात काय बोलावं सुचत नाही. ते खालाच्या घरी त्या विणलेल्या झाकणाशेजारी उभे राहून हे बोलले होते, मार्केटातून आलेले, अंघोळही न केलेले. आणि तिथून तसेच ट्रकमध्ये चढले होते. मला रडायचं नव्हतं. मी कानातल्या मोत्याला हात लावला, उगाच, काहीतरी धरायला हवं होतं म्हणून.

मग साहेबांनी मला टाइप करायला दिलं, तीन पत्रं. एकही चूक झाली नाही. कॉम्प्युटरवर बसवलं, हिशेब विचारले, एका पत्रातली चूक मी दाखवली तर म्हणाले, "ती माझी आहे." एक तास ते मला प्रश्न विचारत होते आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून. शेवटी मी त्या एका शब्दाची वाट बघत बसले, तो प्रत्येकाच्या तोंडून ऐकायची मला सवय झाली होती. साहेब कळवतो म्हणाले नाहीत. म्हणाले, "सोमवारपासून या. आणि तुमच्या खालांना सांगा, आमच्याकडे सात बायका आहेत, तुम्ही आठव्या. सहाला सुटी होते."

पुढे मी कंपन्या बदलल्या, खुर्च्या बदलल्या, घरी आमचा स्वतःचा फोन आला. तरी बायोडेटावर कितीतरी वर्षं मी खालाचाच नंबर लिहीत होते, आणि तीही कोणाला सात बायकांचं सांगायची विसरत नव्हती. पण त्या शनिवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी गेटकडे चालत आले तेव्हा अण्णा वॉचमनच्या स्टुलावर बसले होते. मला बघून उठले. आमच्यात मुलीने बापाला मिठी मारायची पद्धत नाही, नाहीतर मी तिथेच मारली असती. त्यांनी नोकरी लागली का ते विचारलं नाही. पगार विचारला नाही. माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "बगितलं का गं तुला? नीट?"

"हो अण्णा," मी म्हणाले. "बघितलं."