पर्थच्या वाटेवरचे आजोबा

चार-पाचशे वर्षांचा इतिहास मागच्या आठवड्यातल्या बातमीसारखा सांगणारा एकच माणूस मला भेटला, तो म्हणजे ट्रुगानिना या ऑस्ट्रेलियन उपनगरातले आमचे शेजारचे आजोबा. मूळचे लायबेरियाचे, क्पेले समाजाचे. त्यांचे पूर्वज उत्तरेच्या गवताळ माळावरून दक्षिणेच्या दाट जंगलात उतरले, ते आजोबा असं सांगत, की जणू शनिवारी ट्रेलर भाड्याने आणून सामान हलवलं. ‘त्यांनी’ हा शब्दच नाही. ‘आम्ही’ झाडं तोडली, ‘आम्ही’ भात पेरला. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेलो, की मी त्या माळावर सापडायचो आणि जंगल लागेपर्यंत माझी ऑफिसची मीटिंग निम्मी झालेली असायची. त्यांच्या समाजाचं नाव मला कधीच धड म्हणता आलं नाही. “क आणि प एकदम येऊ देत. ते रांगेत उभे नाहीत,” ते शांतपणे सांगत. माझ्या बायकोला मात्र पहिल्याच दिवशी जमलं, त्यामुळे आजोबांच्या लेखी आमच्या घरात शिकलेली तीच.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थच्या हॉस्पिटलात नर्सची चांगली नोकरी लागली. आजोबा जायला तयार होईनात. तिने मला समजूत घालायला पाठवलं. तुमच्या लोकांना तर चालायची सवयच आहे, असं मी हसत म्हणालो. मग त्यांनी आजवर गाळलेला भाग सांगितला. युद्धात गाव सोडून ते बायको आणि तान्ह्या मुलीसह सीमेपलीकडे गिनीत गेले. तिथेही त्यांचेच लोक, जवळजवळ तीच भाषा. एका अनोळखी कुटुंबाने घरात घेतलं. बायको तिथेच तापाने गेली.

“आम्ही निघालो, की कुणीतरी मागे राहतं,” ते म्हणाले. “या वेळी मी राहतो.”

हे मुलीला माहीत आहे का, एवढंच मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिला ते कधी सांगताच आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ते मुलीबरोबर निघाले. विमान नको, गाडीनेच जायचं, हा हट्ट त्यांचाच. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा मेसेज आला : ‘ॲडलेड सोडल्यापासून पप्पा बोलतायत. आत्ता आईपर्यंत आलो. गाडी जरा बाजूला लावली आहे.’

मी तो बायकोला वाचून दाखवला आणि उत्तर टाइप करायला लागलो. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्यांना बोलू दे.”