चिमटाबाईने न केलेली सही

१२ फेब्रुवारी, मजुरीतून कपात १,१७० रुपये. पत्रकावर चिमटाबाईच्या नावापुढे हा आकडा हिशेबनीस म्हणून मीच घातला होता.

आमच्या बियाणे कंपनीच्या जाळीघरात टोमॅटोचं संकरित बी तयार होतं. बारा बाया संध्याकाळी मादी ओळीतल्या कळ्यांचे पुंकेसर चिमट्याने काढतात आणि दुसऱ्या सकाळी तिथे नर ओळीचा पराग लावतात. त्या आठवड्यात निम्म्याहून जास्त फुलं गळाली. बायांचा निष्काळजीपणा, असं सुपरवायझरने लिहून दिलं. अकरा जणींनी मुकाट सह्या केल्या. बारावी, चिमट्यावरच्या सफाईमुळे जिला सगळे चिमटाबाई म्हणतात ती.

"भाऊसाहेब, पेन खिशात ठेवा."

सही नाही तर उद्यापासून यायचं नाही, असं सुपरवायझरने बजावलं. एकोणीस वर्षांचं काम, घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. पुढच्या महिन्यात सांभाळून घेतो, असं मी हळूच म्हणालो. तिने मलाच सुनावलं, "उपकार नकोत. माझी चूक दाखवा."

मी वाणिज्य शाखेचा. मग तिनेच मला समजावलं. पराग कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकावर, टेकला म्हणजे काम झालं असं नाही. तिथल्या ओलाव्यावर कण फुगतो, त्याला केसाहून बारीक नळी फुटते. ती दांड्यातून खाली अंडाशयात उतरते, बीजांडाच्या भोकातून आत शिरते आणि तिथे तिचं टोक फुटतं. तेव्हा कुठे नराची पेशी अंड्याला मिळते. एका बीला एक कण लागतो. कंपनीत पूर्वी असलेल्या शास्त्रज्ञबाईंनी तिला हे सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं.

"लावायचं काम माझं, उतरायचं कणाचं. मेलेला कण कसा उतरणार?"

पराग साठ वॅटच्या दिव्याखाली सुकवायचा असतो. घाईपोटी सुपरवायझरने दोनशेचा लावला होता, असं तिने त्याच्या तोंडावर सांगितलं. तो हसला, परागाची डबी उघडून म्हणाला, रंग तर बघ, हळदीसारखा आहे.

"मग हळदच लावू का उद्यापासून?"

तिने ती डबी उचलली, ताज्या फुलांचा पराग वेगळा घेतला आणि सरळ प्रयोगशाळा गाठली. लॅबवाल्या मुलीने दोन काचपट्ट्यांवर साखरपाण्याचे थेंब टाकून दोन्ही पराग त्यांत सोडले. चिमटाबाई दोन तास टेबलापासून चार हात लांब उभी राहिली. जवळ गेले तर हातचलाखी केली म्हणतील, असं तिचं म्हणणं.

ताज्या कणांना लांब नळ्या फुटल्या होत्या. डबीतले कण होते तसेच गोल. सुपरवायझरने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.

"पुसा अजून," ती म्हणाली. "पुसून नळी फुटत नसते."

मॅनेजरने तिची कपात रद्द करायला सांगितलं. ती दारातून हलेना. अकरा जणींनीही तोच पराग लावला होता, त्यांची कपात राहिली तर तिचीही राहू दे, आणि सही तर नाहीच. शेवटी मी बाराही आकडे लाल शाईने खोडून प्रत्येकापुढे माझी सही केली.

प्रयोगशाळेतले दोन तास सुपरवायझरने गैरहजेरीत मांडले. त्या दोन तासांचे ऐंशी रुपये कंपनीकडून तिला अजून येणे आहेत.