सातव्या बीकरमधला हिरवा थेंब

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. शिक्षण रसायनशास्त्राचं आणि नोकरी बरण्यांमधल्या पाणपिसवा सांभाळण्याची, याला एकोणीस वर्षं झाली होती. पाणपिसवा म्हणजे पाण्यात टुणटुण उड्या मारणारे, तिळाएवढे जीव. अंगाने इतके नितळ, की पोटात काय गेलंय ते भिंगाखाली लख्ख दिसतं. कारखान्याची नवी पूड पाण्यात गेली तर काय होईल, हे आधी यांना विचारायचं.

सध्या पाळी कार्बनच्या पुडीची होती. काजळीचीच चुलत बहीण, पण कण असा बारीक की लाखभर एकत्र आले तरी डोळ्याला दिसू नयेत. ती पूड घातलेलं पाणी, प्रत्येक बीकरमध्ये पाच पिल्लं आणि दोन दिवस. मग बीकर हलकेच फिरवून पंधरा आकडे मोजायचे. तोवर हललं नाही ते पिल्लू गेलं. या दोन दिवसांत खायला द्यायचं नाही. हा नियम काही मावशीला कधी पचला नाही. वसतिगृहातल्या लेकीला दिवसातून तीनदा “जेवलीस का” विचारणारी ती. लेक वैतागून म्हणे, “आई, मी काय तुझ्या बरणीत आहे?”

गुरुवारी लेकीला ताप आला आणि दुपारपासून तिचा फोन लागेना. संध्याकाळी मावशीने बरण्यांमधल्या पिसवांना नेहमीसारखं हिरवं शेवाळ थेंब थेंब घातलं. शेजारीच चाचणीचे बीकर होते. डोकं फोनात, हात आपल्या वळणावर.

सकाळी लेकीचाच फोन आला. ताप उतरला होता, फोन बंद करून झोपली होती म्हणे. मावशीचा जीव भांड्यात पडला. मग ती भिंगाशी बसली. बाकी पिल्लांच्या पोटात पुडीची काळी रेघ होती. सातव्या बीकरमधल्या पाचांची पोटं मात्र हिरवी, आणि पाचही जिवंत. तेवढीच पूड घातलेल्या बाकीच्या बीकरमध्ये दोन-दोनच हलत होती.

अहवाल सोमवारी जायचा होता. गप्प बसलं तर पूड आहे त्यापेक्षा कमी घातक ठरणार होती, आणि नदी काही तक्रार करायला येणार नव्हती. बोललं तर एकोणीस वर्षांचा विश्वास जाणार. मावशीने पिसवांच्या खोलीची किल्ली प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवली.

“सातव्यात माझ्या हातून शेवाळ पडलं, मॅडम.”

“कोणी पाहिलं?”

“नाही. पण पोटं हिरवी आहेत.”

मॅडम भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. सातव्या बीकरच्या तळाशी काळी लेंडी पडली होती. अन्नाने पुडीला बाहेर ढकललं होतं. शाबासकी वगैरे काही मिळाली नाही. मॅडमनी अख्खी चाचणी रद्द केली, अहवालाला उशीर होईल असं फोनवर कळवलं आणि चूक नोंदवहीत मावशीच्याच हाताने लिहून घेतली.

“सोमवारी पुन्हा लावा. पाच बीकर जास्तीचे. त्यांना शेवाळ घाला, पण मोजून, आणि मला सांगून.”

मावशीची नजर किल्लीवर होती. मॅडमनी ती एका बोटाने तिच्याकडे सरकवली.

“उचला. बरण्यांना आज शेवाळ कोण घालणार, मी?”