मावशीच्या एकेचाळीस वेळा

आमच्या वायरमनच्या कोर्सला सगळी पोरं विशीतली आणि त्यांच्यात एक मावशी. वय त्रेचाळीस. सकाळी एका ऑफिसात साफसफाई, दुपारी कोर्स. मी तिथला स्टोअरकीपर. तारा-स्विच मोजून देणं हे माझं काम आणि नको तिथं नाक खुपसणं ही सवय.

सरांनी यंदा नवीच टूम काढली. शिकवणं घरी, सराव वर्गात. ते व्हिडिओ टाकणार, प्रत्येकानं आपापल्या वेगानं बघायचे आणि वर्गात थेट बोर्डावर जोडणी. पोरं काय, व्हिडिओ पळवायची, सरांच्या जोडणीची नक्कल मारून मोकळी! मावशीला मात्र देवच पावला. म्हणायची, "माणसाला पुन्हा पुन्हा विचारलं की तो वैतागतो हो. मोबाइल दहादा मागं न्या, कुरकुर नाही."

पण नवव्या व्हिडिओला घोडं अडलं. आठवडाभर तिचा बोर्ड कोरा. सरांनी विचारलं की "होतंय" म्हणायची. शुक्रवारी मात्र त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

"सर, मी कोर्स सोडते. माझ्या डोक्यात काही शिरत नाही. घरचे म्हणतात तेच खरं, या वयात कसले शिक्षणाचे डोहाळे!"

मी लगेच तोंड घातलं, "अहो मावशी, एवढ्यात हार मानलीत?" सरांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि कॉम्प्युटर उघडला. कुणी काय किती वेळा पाहिलं ते त्यात दिसतं. नववा व्हिडिओ बाकीच्यांनी एकदा, काहींनी अर्धाच. मावशीनं त्यातलं तिसरं मिनिट तेवढं एकेचाळीस वेळा पाहिलेलं.

"बापरे! काय अडतंय तिथं?" सरांनी विचारलं.

ती खाली मान घालून म्हणाली, "चौथ्या व्हिडिओत तुम्ही सांगितलंत, स्विच नेहमी करंट आणणाऱ्या फेजच्या तारेवर. इथं तुम्ही तो न्यूट्रलवर लावलाय. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट राहतोच ना? आता तुम्ही काही चुकणार नाही. म्हणजे मलाच कळलं नाही."

सरांनी ते मिनिट लावलं. मागं नेऊन परत पाहिलं. त्यांचा चेहराच पडला. घाईत दोन तारांची अदलाबदल झाली होती आणि वर्गातल्या बावीस बोर्डांवर तीच चूक जशीच्या तशी उतरली होती. दिवा लागतोय-विझतोय म्हटल्यावर सरांनीही सगळ्यांना बरोबरची खूण दिलेली.

ते उठून वर्गासमोर गेले. "सगळ्यांनी इकडं लक्ष द्या. चूक माझी आहे. या जोडणीनं बल्ब बदलताना कुणाचा जीव गेला असता. मावशींचं बरोबर आहे."

मला वाटलं, आता मावशी खूश होईल. कसलं काय, बाई भडकलीच!

"एकेचाळीस वेळा, सर! प्रत्येक वेळी मी स्वतःलाच शिव्या घातल्या!" राग आणि रडू एकदमच आलं तिला. "घरात इतकी वर्षं काहीही बिघडलं की माझंच चुकलेलं. समोरच्याचंही चुकू शकतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही हो."

मग मावशीनं डोळे पुसले, शेजारच्या पोराचा बोर्ड पुढ्यात ओढला आणि म्हणाली, "सोड रे त्या तारा. परत जोडू."